सही कोणाची, की तपासणी झाली का?

कुबरनेटीस क्लस्टरचा बॅकअप वेलेरोने घ्यायचा आणि तो आपल्याच सर्व्हरवरच्या मिनिओत ठेवायचा, ही मांडणी आता सर्रास दिसते. तिच्यात अडथळाही ठरलेलाच असतो. मिनिओचं सर्टिफिकेट घरच्या घरी बनवलेलं असतं आणि त्यावर अनोळखी संस्थेची सही आहे असं सांगून वेलेरो जोडणी नाकारतो. मग दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट मुळातच कच्चं, ते वापरूच नका. दुसरं म्हणतं, नाहीतरी ते कच्चंच आहे, तर तपासणी बंद केली म्हणून काय बिघडलं? मतं उलटी दिसली तरी चूक दोघांची एकच आहे. सुरक्षितता सही करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरते, असं दोघंही धरून चालतात. खरं तर ती ठरते दोन गोष्टींवर: जोडणी करणाऱ्याकडे ती सही ओळखण्याचं साधन विश्वासू मार्गाने पोचलं आहे का, आणि तो ती प्रत्येक वेळी ताडून पाहतो का.

याचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स-१ हे मूळ सर्टिफिकेट सेल्फ-साइन्डच आहे. सगळी मूळ सर्टिफिकेटं तशीच असतात, कारण साखळीच्या टोकाला सही करायला वर कोणी उरत नाही. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती मूळ सर्टिफिकेटं सोबत घेऊन येतात, एवढाच त्यांचा मोठेपणा. कुबरनेटीस स्वतःही हेच करतं. क्यूबॲडमने क्लस्टर उभारला की तो स्वतःचं सीए, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी संस्था, तयार करतो, १० वर्षांच्या मुदतीचं, आणि एपीआय सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर त्याचीच सही असते. ते सीए आपल्या क्यूबकॉन्फिगमध्ये लिहिलेलं असतं म्हणून क्यूबकटल बिनतक्रार चालतो. त्याला कोणी असुरक्षित म्हणत नाही. उलट, नावाजलेली सही म्हणजे हमी असंही नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या मान्यताप्राप्त संस्थेत घुसखोरी झाली, तिच्या नावाने गूगलचं खोटं सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

दुसऱ्या मताची अडचण जास्त गंभीर आहे. वेलेरोच्या बॅकअप स्टोरेज लोकेशनमध्ये 'इनसिक्योर-स्किप-टीएलएस-व्हेरिफाय' खरं केलं की चूक गायब होते, आणि एनक्रिप्शन तर चालूच आहे अशी समजूत करून घेता येते. ते चालू असतं हे खरंच. पण ते कोणाशी चालू आहे हे आता कोणालाच माहीत नसतं, कारण मध्ये बसलेला कोणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करू शकतो. यावर जाणकारांचा आक्षेप असतो की वेलेरो मिनिओशी ज्या एस-थ्री पद्धतीने बोलतो तिच्यात गुप्त किल्ली वाहिनीवरून जातच नाही, प्रत्येक विनंतीवर तिने फक्त सही होते. आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा. किल्ली वाचली तरी बॅकअप वाचत नाही. वेलेरो क्लस्टरमधल्या वस्तू एपीआय सर्व्हरकडून घेतो, त्यामुळे ईटीसीडी या क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये एनक्रिप्ट करून ठेवलेली सिक्रेट्सही त्याला उलगडूनच मिळतात, आणि बॅकअपच्या फायलीत ती निव्वळ बेस-६४ रूपात असतात. डेटाबेसचे पासवर्ड, टोकन, खासगी किल्ल्या, सगळं. शिवाय ती सही विनंतीवर असते, उत्तरावर नाही. रिस्टोअरच्या वेळी मधल्याने फाइल बदलून दिली तर त्या सहीने ते कळणार नाही. बदललेली इमेज किंवा वाढीव अधिकारांची एखादी रोलबाइंडिंग अशा मार्गाने क्लस्टरमध्ये शिरू शकते. बॅकअप चोरीला जाण्यापेक्षा मला हीच शक्यता जास्त भीतीदायक वाटते, आणि तिच्याबद्दल बोललं मात्र कमी जातं.

'आमचं नेटवर्क आतलं आहे, मध्ये कोण येणार?' हा यानंतरचा प्रश्न. पॉडमधली वाहतूक कुबरनेटीस आपणहून एनक्रिप्ट करत नाही. ते नेटवर्क प्लगइनवर आणि त्याच्या मांडणीवर अवलंबून असतं. त्याहून बोलकी आहे २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२०-८५५४ ही त्रुटी. क्लस्टरमध्ये सर्व्हिस बनवण्याचा अधिकार असलेला साधा वापरकर्ता 'एक्स्टर्नल आयपी' या रकान्यात दुसऱ्याच कोणाचा पत्ता लिहून, पॉडमधून त्या पत्त्याकडे निघालेली वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. तो पत्ता आपल्या मिनिओचाही असू शकतो. ही रचनेतलीच उणीव असल्याने तिच्यावर सरळ पॅच निघाला नाही. हा रकाना वापरण्यावर बंदी घालणारा ॲडमिशन प्लगइन आवृत्ती १.२१ पासून मिळतो, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. अनेक टीम एकच क्लस्टर वापरत असतील तर 'आतलं' म्हणजे नेमकं कोणापासून आतलं, हे विचारायला हवं.

योग्य उपाय तपासणी बंद करण्याच्या पळवाटेपेक्षा फार कष्टाचा नाही. आपल्या सीएचं सर्टिफिकेट बेस-६४ करून बॅकअप स्टोरेज लोकेशनमधल्या 'सीए-सर्ट' रकान्यात द्यायचं, किंवा इन्स्टॉल करतानाच त्याची फाइल दाखवायची. ते सार्वजनिकच असतं. जपायची ती सीएची खासगी किल्ली. तरीही लोक अडखळतात ते नोडवर सीए टाकून थांबल्यामुळे. इमेज खेचताना नोडची विश्वासयादी उपयोगी पडते, पण पॉडमधला प्रोग्रॅम कंटेनरच्या इमेजमधली यादी पाहतो. दुसरी अडचण नावाची. वेलेरो गो भाषेत लिहिला आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या गो १.१५ पासून कॉमन नेममधलं नाव जमेस धरलं जात नाही. मिनिओचं होस्टनेम किंवा आयपी 'सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम'मध्येच हवा. तिसरी गंमत अशी की बॅकअप नीट होतो, पण लॅपटॉपवरून त्याचे लॉग मागितले की तीच जुनी चूक दिसू शकते. लॉग थेट मिनिओच्या बकेटमधून येतात, म्हणून त्या कमांडलाही सीएची फाइल वेगळी द्यावी लागू शकते.

मग सरळ लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट का घेऊ नये? स्वतःचं डोमेन असेल आणि डीएनएसने पडताळणी करता येत असेल, तर जरूर घ्यावं. ही पायवाट चांगलीच आहे. पण क्लस्टरच्या आतल्या सर्व्हिस-नावांना कोणतीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही, आणि इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेत तो प्रश्नच उद्भवत नाही. तिथे स्वतःचं सीए हाच नीट मार्ग. मात्र 'सीए-सर्ट' रकान्यात मिनिओचं स्वतःचं सर्टिफिकेट न चिकटवता सीएचं द्यावं, म्हणजे सर्टिफिकेटं आपोआप नवी करणाऱ्या सर्ट-मॅनेजरने मिनिओचं सर्टिफिकेट दर काही महिन्यांनी बदललं तरी वेलेरोला हात लावावा लागत नाही. सर्टिफिकेटची मुदत संपली तर स्टोरेज लोकेशन 'अनअव्हेलेबल' दिसू लागतं आणि वेळापत्रकातले बॅकअप पडू लागतात, म्हणून त्या स्थितीवर अलर्ट असावा.

आणि सीएच्या सर्टिफिकेटची एक प्रत क्लस्टरबाहेर ठेवावी. सर्ट-मॅनेजरने बनवलेलं सीए त्याच क्लस्टरच्या सिक्रेटमध्ये राहतं. क्लस्टर गेला की तेही जातं, आणि नव्या क्लस्टरमधला वेलेरो शाबूत असलेल्या मिनिओला ओळखत नाही. सगळे घाईत असताना तपासणी बंद करण्याचा मोह तेव्हाच सर्वात मोठा असतो, आणि बाहेरून आलेली फाइल जशीच्या तशी क्लस्टरमध्ये ओतली जाते तीही तेव्हाच.