रोटी घाटापासून नाशिकपर्यंत

वाइन म्हटलं की लोक नाशिकचं नाव घेतात. आम्हा पाटसकरांना तेवढं लांब जायला नको. बारामती रस्त्याला लागून पालखीचा रोटी घाट चढला, की रोटीच्या शिवारात ‘फोर सीझन्स’ची वायनरी आहेच.

घरी मटणाचा रस्सा असला की मी अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ची ‘सेत्ते’ काढतो. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांची ही वाइन. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा पांढुरकाच निघतो. साली रसाबरोबर आंबवल्या की लाल रंग उतरतो आणि जिभेला तुरटपणा जाणवतो. रश्श्यातल्या तेलाला तो बरोबर उतारा.

कोथिंबीरवडीबरोबर मात्र राजीव सामंतांच्या ‘सुला’ची सोव्हिन्यों ब्लां. नाशिकची ही पांढरी वाइन पहिल्यांदा बाजारात आली २००० साली. वासाला हिरवट, चवीला आंबटसर.

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी होते, म्हणून वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात ती सप्टेंबरच्या आसपास.

बाटली घेताना लेबलावरचं साल बघा. साधी पांढरी जितकी ताजी तितकी बरी. आणि आपल्या उन्हाळ्यात लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा.