आमच्या घराची वही

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्नाचा अनुभव बहुतेकांना असतो. घर बांधण्याचा फार थोड्यांना. मार्केट यार्डातील आमच्या वस्तीत वडिलांनी पाठीवर पोती वाहून पत्र्याची एक खोली उभी केली. तीत आम्ही तीस पावसाळे काढले. त्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधायचे ठरले, तेव्हा भुसार बाजारातल्या माझ्यासारख्या कारकुनाने सर्वांत आधी काय आणले असेल? दोनशे पानी वही!

डाव्या पानावर आलेला माल, उजव्या पानावर दिलेला पैसा. मी दिवसभर पेढीवर, म्हणून लिहिण्याचे काम पत्नीकडे आले. शिक्षण सातवीपर्यंत, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. आई संध्याकाळी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मोजून कोपऱ्यात रचायची. पाया आणि भिंती झाल्यावर ठेकेदाराने हिशेब दिला, त्यात सहा पोती जास्त निघाली.

"वहिनी, हे पुरुषांचं काम, तुम्हाला काय कळणार?" तो म्हणाला.

"भाऊ, पोती मोजायला आमच्या सासऱ्यांनी शिकवलंय," असे म्हणून तिने वही पुढे केली. सहा पोत्यांचे पैसे कमी झाले.

स्लॅबच्या दिवशी मी रजा टाकली. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे प्रमाण ठरले होते. माल लवकर पसरावा म्हणून मजूर पाणी जास्त ओततात. त्याने काम सोपे होते, पण स्लॅब कमजोर होतो. म्हणून पाण्याजवळ मी स्वतः उभा राहिलो.

खरी परीक्षा पुढे होती. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा, त्याला ओले ठेवावेच लागते. आमचे दिवस वैशाखाचे आणि नळाला पाणी तासभर. मुलांनी हंडे भरले, स्लॅबवर वाफे करून पाणी साठवले. भिंतींवर आईने बाजारातील जुनी बारदाने भिजवून लावली. ज्या बारदानाने वडिलांची पाठ सोलली, तेच आज घर मजबूत करीत होते. आई काही बोलली नाही, फक्त पाणी मारीत राहिली. सेंट्रिंग दुसऱ्या कामावर न्यायची म्हणून ठेकेदार पाचव्या दिवशी टेकू काढायला आला. आम्ही चौदा दिवस हात लावू दिला नाही.

शेवटी थोडे पैसे उरले. नातेवाईक म्हणाले, दर्शनी भिंतीला फरशी लावा, मोठी पंगत घाला. मुलगी दहावीत होती. ती म्हणाली, "बाबा, मला अभ्यासाला जागा?" त्या रात्री मी मुलांना राजगृहाची गोष्ट सांगितली.

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत राहत. ग्रंथ वाढत गेले, जागा अपुरी पडू लागली. 1930 साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधायचे ठरवले. दोन भूखंडांवर दोन इमारती उभ्या राहिल्या. भाड्याने देण्यासाठी 'चार मिनार', आणि कुटुंबासाठी व ग्रंथांसाठी 'राजगृह'. हे नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे. 1933 साली राजगृह पुरे झाले. माता रमाईंनी 27 मे 1935 रोजी तेथेच अखेरचा श्वास घेतला. पुढे कर्ज आणि ग्रंथखरेदी यांसाठी 1941 साली बाबासाहेबांनी 'चार मिनार' विकली. राजगृह मात्र राखले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पन्नास हजारांवर गेला.

गोष्ट संपली आणि फरशीचा विषयही संपला. खिडकीखाली सिमेंटचे टेबल आणि भिंतीत पुस्तकांचे कपाट झाले. गृहप्रवेशाला त्रिशरण, पंचशील आणि खीरदान, एवढेच.

बंधू-भगिनींनो, आपले घर दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. रोज जा, मोजा, लिहा, पाणी मारा. त्यात घरच्या बायका-मुलांना बरोबरीने घ्या. आणि खोली एकच असली तरी तिच्यात पुस्तकांना जागा ठेवा. आमच्या कपाटात मुलीच्या पुस्तकांशेजारी ती दोनशे पानी वही आजही आहे. तिच्या पहिल्या पानावर पत्नीच्या अक्षरात लिहिले आहे: विटा, पाचशे.