गिऱ्हाइकाचा शब्द आणि श्रावकाची पेढी

‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणारा. गुरुमुखातून धर्मवचन ऐकतो तो श्रावक, हे आपण पाठशाळेत शिकलो. पण पेढीच्या गादीवर बसल्यानंतरही ऐकण्याचे हे व्रत सुटत नाही. तेथे ऐकावयाचे असते ते गिऱ्हाइकाचे.

पूर्वी ‘त्यांचे माप चोख’ एवढे एक वाक्य पेठेत रुजले, की ते दोन-तीन पिढ्यांना पुरत असे. आज तेच वाक्य मोबाईलच्या पडद्यावर ताऱ्यांच्या रूपाने उमटते आणि अनोळखी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी ते वाचून घेते.

या शब्दाचे बाजारातील मोल किती, याचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल ल्यूका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिॲटल येथील उपाहारगृहांची पाहणी मांडली. ‘येल्प’ या संकेतस्थळावर ग्राहकांनी दिलेला एक तारा वाढला, की उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे ही वाढ स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहांत दिसली. मोठ्या साखळी-उपाहारगृहांत नाही. मोठ्या नाममुद्रेची ओळख लोकांना आधीच असते. लहान, कौटुंबिक दुकानाची ओळख मात्र गिऱ्हाइकाचा शब्दच करून देतो.

जेथे मोल आहे तेथे मोहही येतो. पैसे घेऊन खोटी स्तुती लिहून देणारे मध्यस्थ आज सहज भेटतात. ‘सगळेच करतात, मग आपणच मागे का राहावे?’ हा नव्या पिढीचा प्रश्न अनेक घरांत ऐकू येतो. त्याला रागावून गप्प करण्यापेक्षा उत्तर द्यावे, हे बरे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे हा एक आहे. न घेतलेल्या मालाची, न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावे लिहविलेली प्रशंसा याहून वेगळी कोणती? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, हाही येतो. विकत घेतलेले तारे हे खोटे मापच होय. फरक इतकाच, की येथे तराजूत धान्य नसून विश्वास असतो.

व्यवहाराची दिशाही आता हीच आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. ते ऐच्छिक स्वरूपात आले. तरी विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, ही त्याची भूमिका स्पष्ट आहे. अमेरिकेत तर बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीस मनाई करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे.

मग प्रतिकूल अभिप्राय आला तर काय करावे? प्रथम वहीत पाहावे, की तक्रार खरी आहे काय. खरी असेल तर चूक मान्य करावी, माल बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी, आणि तसे चार सौम्य शब्दांत सर्वांना दिसेल असे लिहावे. खोटी असेल तरी उत्तरात कटुता नसावी. वस्तुस्थिती मांडून थांबावे. वाचणारा तक्रारीइतकेच उत्तरही वाचतो.

पर्युषणानंतर आपण सर्वांची क्षमा मागतो. वर्षभर ज्यांच्याशी देवघेव झाली, त्या गिऱ्हाइकांचाही त्या क्षमापनेत वाटा असतो. प्रतिक्रमणात आपले दोष आपणच आठवावे लागतात. येथे तर गिऱ्हाईक ते न मागता दाखवून देते. ते ऐकणारी पेढी कदाचित सावकाश वाढेल, पण तिची वही कोणासमोरही उघडता येईल.