संदर्भ-व्यवस्थापन प्रणालीतील संदर्भशैलीचा शोध व अनुकूलन : करवीर संस्थानविषयक साधनांच्या अनुषंगाने

सारांश :
संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींत हजारो संदर्भशैली तयार उपलब्ध असल्या, तरी मराठी शोधनिबंधास तंतोतंत लागू पडणारी शैली सहसा हाती लागत नाही. जवळची शैली शोधून तीत आवश्यक तेवढेच बदल कसे करावेत, हे प्रस्तुत लेखात करवीर संस्थानविषयक साधनांच्या उदाहरणांनी स्पष्ट केले आहे. शैली ही नोंदीतील माहितीची केवळ मांडणी करते. वाचकास मूळ साधनापर्यंत नेण्याची जबाबदारी संशोधकाचीच असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : संदर्भशैली, झोटेरो, सीएसएल, गॅझेट, पुराभिलेख.

प्रस्तावना :
कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एखाद्या महाविद्यालयाने बहुविद्याशाखीय नियतकालिक काढावयाचे ठरविल्यास संपादक मंडळापुढे पहिली अडचण संदर्भांचीच उभी राहते. इतिहासाचे प्राध्यापक तळटीपा देतात, रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रमांक देतात, तर अर्थशास्त्राच्या निबंधात कंसात लेखक व वर्ष येते. या सर्व याद्या हाताने एका साच्यात बसविताना कोठे वर्ष गळते, तर कोठे पृष्ठांक चुकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणे व संदर्भसूची साम्य-तपासणीतून वगळली जातात. म्हणजेच संदर्भ हा निबंधाच्या शेवटी जोडावयाचा उपचार नसून संशोधकाच्या सचोटीचा पुरावा आहे.

१. संदर्भशैलीचे स्वरूप :
झोटेरो ही विनामूल्य प्रणाली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये उपलब्ध करून दिली. मेंडेले व एंडनोट या तिच्या समकक्ष प्रणाली होत. या प्रणालींत माहिती व मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष इत्यादी तपशील नोंदीच्या रकान्यांत राहतात. त्यांचा क्रम, विरामचिन्हे व अक्षरवळण शैलीच्या फाइलमध्ये ठरते. झोटेरो व मेंडेले या फाइलसाठी ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ अर्थात सीएसएल ही खुली भाषा वापरतात. तिच्या सामाईक भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत.

ही संख्या मोठी वाटली, तरी त्यांपैकी पुष्कळ शैली ‘अवलंबी’ आहेत. त्यांत केवळ नियतकालिकाचे नाव व मूळ शैलीचा निर्देश असतो. प्रत्यक्ष नियम मूळ शैलीतच असतात. त्यामुळे बदल करावयाचा असल्यास अवलंबी फाइल न घेता तिची मूळ शैली घ्यावी लागते.

२. जवळच्या शैलीचा शोध :
शोधाची सुरुवात नियतकालिकाच्या नावाने करावी. तेथे यश न आल्यास नमुन्यावरून शोध घ्यावा. सीएसएलच्या दृश्य संपादकात एखाद्या संदर्भाचा अपेक्षित नमुना भरला असता त्याच्याशी मिळत्याजुळत्या शैली समोर येतात. निवड करताना पुढील क्रम ठेवणे सोयीचे ठरते :

(अ) निबंधात तळटीप, लेखक-वर्ष की क्रमांक, हे प्रथम ठरवावे. हा पाया बदलणे सर्वांत कष्टाचे असते.
(आ) सूचीतील घटकांचा क्रम, विशेषतः वर्षाचे स्थान, पडताळावे.
(इ) विरामचिन्हे, तिरपा ठसा व ‘पृ.’ यांसारखी संक्षेपचिन्हे सर्वांत शेवटी पाहावीत. ती सहज बदलता येतात.

३. शैलीचे अनुकूलन :
निवडलेल्या शैलीची प्रत काढून प्रथम तिचे शीर्षक व ओळखचिन्ह बदलावे. असे न केल्यास मूळ शैली अद्ययावत होताना केलेले बदल पुसले जाण्याचा धोका असतो. त्यानंतर एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम ग्रंथ, संपादित ग्रंथातील लेख व नियतकालिकातील लेख अशा किमान तीन प्रकारच्या नोंदींवर तपासावा.

मराठीसाठी सर्वांत उपयुक्त तरतूद म्हणजे शैलीच्या फाइलमध्येच पारिभाषिक शब्द देण्याची सोय. तीमुळे ‘संपा.’, ‘आवृत्ती’, ‘खंड’, ‘व इतर’ हे शब्द इंग्रजी शब्दांच्या जागी आणता येतात. मात्र एका शैलीतून एका वेळी सामान्यतः एकाच भाषेचे शब्द छापले जातात. जयसिंगराव पवार यांनी २००१ मध्ये संपादित केलेल्या ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथा’पुढे ‘संपा.’ शोभून दिसते. परंतु विलास संगवे व बी. डी. खणे यांनी संपादित केलेल्या ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’च्या इंग्रजी खंडांपुढेही तोच शब्द येतो. तो तसाच ठेवावा की मराठी व इंग्रजी याद्या स्वतंत्र कराव्यात, हा निर्णय संपादक मंडळाने आधीच घ्यावा.

नावांबाबतही दक्षता हवी. ‘करवीर रियासत’ या ग्रंथाच्या लेखकाची नोंद कुलनाम ‘गर्गे’ व नाम ‘स. मा.’ अशी दोन रकान्यांत करावी. देवनागरीतील आद्याक्षरे काढण्याचे काम यंत्रावर सोपवू नये. ‘करवीर सरकार’ यासारख्या संस्थात्मक कर्त्याचे नाव मात्र एकाच रकान्यात भरावे, अन्यथा ‘सरकार, करवीर’ असा विपर्यास होतो.

४. करवीरची साधने व शैलीच्या मर्यादा :
शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. तो करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. अभ्यासकास तो आदेश तीन मार्गांनी मिळू शकतो : प्रत्यक्ष गॅझेटातून, पुराभिलेखागारातील कागदांतून किंवा नंतरच्या एखाद्या ग्रंथातून. तिन्ही मार्गांनी मजकूर एकच मिळाला, तरी संदर्भ एक असू शकत नाही.

गॅझेट पाहिले असल्यास ठरावाचा मथळा, गॅझेटाचे नाव, दिनांक व पृष्ठ यांची नोंद करावी. पुराभिलेखागारातील कागद ‘हस्तलिखित’ या प्रकारात नोंदवून संग्रहाचे नाव व दप्तर, रुमाल आणि कागद यांचे क्रमांक संग्रहस्थानाच्या रकान्यांत भरावेत. ग्रंथातून मजकूर घेतला असल्यास नोंद ग्रंथाचीच करावी. तथापि लेखक-वर्ष शैलीत तेव्हा केवळ ग्रंथाचे प्रकाशनवर्ष दिसते आणि १९०२ हे वर्ष सूचीतून नाहीसे होते. झोटेरोच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात मूळ दिनांक स्वतंत्र ओळीत देता येतो. परंतु शैलीत तो छापण्याचा नियम नसल्यास भरलेली माहितीही अदृश्य राहते. अनुकूलनाची खरी गरज स्वल्पविरामापेक्षा अशा ठिकाणी असते.

याउलट, ग्रंथ वाचून गॅझेटाचा संदर्भ देणाऱ्यास कोणतीही शैली अडवू शकत नाही. यंत्र ती नोंद निर्दोष छापील; वाचकाची मात्र दिशाभूल होईल.

निष्कर्ष :
नवी शैली मुळापासून रचण्याऐवजी जवळची मूळ शैली घेऊन तीत मोजके बदल करणे श्रेयस्कर ठरते. महाविद्यालयीन नियतकालिकाने अशी एक फाइल तयार करून लेखकांना द्यावी व तिच्यासोबत गॅझेट, दप्तर, ग्रंथ आणि लेख यांच्या नमुना नोंदी जोडाव्यात. त्यामुळे संपादकांचे श्रम वाचतील आणि लेखकासही आपण नेमके काय पाहिले, हे नोंद करतानाच स्वतःस विचारावे लागेल.