माडाचे चित्र आणि तीन वैद्यांची ग्वाही

नारळाच्या झाडाला शास्त्रज्ञ 'कोकोस न्युसिफेरा' म्हणतात. हे नाव कार्ल लिनेअसने १७५३ साली 'स्पेसीस प्लांटारम' या ग्रंथात दिले. वनस्पतिशास्त्राचा दंडक असा की प्रत्येक नाव कुठल्या तरी एका नमुन्याला बांधलेले असावे. पुढे वाद निघाला तर तो नमुना काढून पाहायचा. बहुतेक वेळा हा नमुना म्हणजे कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी असते. माडाच्या बाबतीत तशी फांदी नाही. १९७९ मध्ये हॅरल्ड मूर आणि जॉन ड्रान्सफील्ड या ताडवर्गाच्या अभ्यासकांनी लिनेअसच्या या नावासाठी नमुना ठरवला, तो एका पुस्तकातल्या चित्रांचा. ही चित्रे १६७८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला छापली गेली आणि त्यांत दिसतो तो मलबारचा माड. रत्नागिरीपासून फिलिपीन्सपर्यंत कुठल्याही माडाला ते नाव लावताना आपण अखेर या चित्रांचाच आधार घेत असतो. जुने संदर्भग्रंथ स्कॅन करून सर्वांसाठी खुले करणे ही निव्वळ हौस नव्हे, हे पटायला एवढे उदाहरण पुरेसे आहे. मात्र असे चित्र पुराव्याचे काम करते ते त्याच्या भोवतीच्या मजकुरासकट. मजकुरापासून सुटे केलेले चित्र देखणे राहते, पण त्याची साक्ष संपते. म्हणून डिजिटल ग्रंथालयाची प्रत जोखायची तर किती चित्रे चढवली हे मोजण्याआधी चित्राचा मजकुराशी असलेला सांधा शाबूत आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

ही चित्रे ज्या पुस्तकातली, तो 'होर्टुस मलाबारिकुस' म्हणजे 'मलबारची बाग' हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि आठशेच्या घरात मोठमोठी चित्रपृष्ठे आहेत. तो सिद्ध करवून घेणारा हेन्ड्रिक व्हान रीडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला प्रमुख अधिकारी होता. त्याचा हेतू निखळ ज्ञानाचा नव्हता. आशियातल्या आपल्या ठाण्यांसाठी कंपनी युरोपातून औषधे आणत असे. ती इथल्या झाडपाल्यातून मिळाली तर खर्च वाचणार होता. शिवाय कंपनीचे मुख्य ठाणे कोचीनला असावे की सिलोनला, या वादात रीडेला मलबारचे मोल दाखवायचे होते. पण त्याने काम ज्या पद्धतीने करवून घेतले ती त्या काळात विरळा होती. चेर्तलाजवळचे वैद्य इट्टी अच्युतन यांनी आपल्या घराण्यातले औषधींचे ज्ञान मल्याळममध्ये सांगितले. ते पोर्तुगीजमध्ये, पुढे डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये उतरले. अँटोनी गुटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर यांच्यासारखे चित्रकार चित्रे काढत होते आणि त्यांवरून हॉलंडमध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरीव काम होत होते. आधी हे काम मॅथ्यू नावाच्या एका कार्मेलाइट धर्मोपदेशकाच्या रेखाटनांवरून सुरू झाले होते. ती रेखाटने कच्ची ठरल्याने बाजूला पडली आणि सगळे नव्याने मांडले गेले. एवढ्या खर्चाच्या कामात अशी माघार घेण्याचे धाडस रीडेने दाखवले, याचे मला फार मोल वाटते.

मराठी आणि कोकणी वाचकाने थांबून पाहावीत अशी पाने पहिल्या खंडाच्या आरंभीच आहेत. ग्रंथातली माहिती कुणाकडून आली हे वाचकाला कळावे म्हणून रीडेने तिथे ग्वाहीपत्रे छापली आहेत. इट्टी अच्युतन यांचे पत्र कोलेळुत्तु लिपीत आहे. दुसरे पत्र आहे ते रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन वैद्यांचे. पोर्तुगीज अमलात गोव्यातून बाहेर पडून कोचीनला स्थिरावलेल्या कोकणी समाजातले हे तिघे. त्यांचे पत्र कोकणीत, नागरी लिपीत आहे आणि त्यावर १६७५ सालच्या एप्रिल महिन्याची तारीख आहे. ते खिळ्यांनी जुळवलेले नाही. त्या काळी अ‍ॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात नागरीचे खिळे कुठून असणार? हस्ताक्षराची नक्कल तांब्याच्या पत्र्यावर कोरून ते चित्रासारखे छापले आहे. त्याआधी ११ वर्षे, १६६७ मध्ये, अथानासिउस किर्खर याच्या चीनविषयक ग्रंथात नागरी अक्षरे अशीच कोरून आली होती. युरोपात छापलेल्या नागरीचे हे अगदी आरंभीचे नमुने. हाच प्रकार आतल्या चित्रपृष्ठांवरही आहे. झाडाच्या आकृतीबरोबर पत्र्यावरच त्याची नावे कोरली आहेत: रोमन अक्षरांत मलबारी नाव, मग मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांत. 'ब्राह्मणांचे' म्हणून जे नाव दिले जाते, ते या तीन वैद्यांच्या कोकणीतले. म्हणजे या ग्रंथात मजकुराचा एक महत्त्वाचा भाग चित्राच्या आत आहे, आणि कोचीनच्या वैद्यांनी जे स्वतःच्या भाषेत सांगितले ते जसेच्या तसे फक्त तिथेच उरले आहे. लॅटिन वर्णन तीन-चार भाषांच्या चाळणीतून आले आहे. पत्र्यावर कोरलेले नाव आले ते थेट.

चित्र आणि शब्द एका पानावर आणण्याने काय साधले, हे आधीचे ग्रंथ पाहिले की कळते. आपल्या निघंटूंमध्ये एकेका औषधीची पंधरा-वीस पर्यायी नावे आणि गुणधर्म पाठ करण्याजोग्या श्लोकांत असतात, चित्र नसते. झाड ओळखण्याचे काम गुरूने शिष्याला रानात नेऊन करायचे. ती परंपरा अखंड असेपर्यंत हे चालते. तुटली की एका नावाखाली चार प्रांतांत चार झाडे विकली जातात. गार्सिया द ऑर्ता याचा औषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात दख्खनी आणि कोकणी नावे ठिकठिकाणी आहेत, संवादात्मक मांडणीमुळे तो आजही रंजक वाटतो, पण वनस्पतींची चित्रे त्यात नाहीत. युरोपातल्या वाचकाला ती झाडे तर्काने उभी करावी लागली. होर्टुसने ही अडचण दूर केली. माडापासूनच त्याची सुरुवात होते आणि एकट्या माडाला चार चित्रपृष्ठे दिली आहेत. नुसत्या वर्णनावरून माड आणि ताड यांत गफलत होऊ शकेल; पोय, सोडण, करवंटी डोळ्यांपुढे आली की होत नाही. उलट चित्राला जे दाखवता येत नाही, म्हणजे वास, चव, फुलण्याचा हंगाम, कुठल्या दुखण्यावर काय द्यायचे, ते सगळे वर्णनात येते. दोहोंची अशी वाटणी ग्रंथ रचतानाच केलेली आहे.

आता हा ग्रंथ जगात कुणालाही घरबसल्या पाहता येतो. अनेक नैसर्गिक इतिहास संग्रहालयांनी आणि उद्यानांनी मिळून चालवलेल्या बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मिझुरी बोटॅनिकल गार्डनची प्रत खुली आहे. ही फार मोठी सोय आहे आणि ती करणाऱ्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायला हवे. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर पानाचे दोन भाग करते: अक्षरे आणि बाकीचे. अक्षरे शोधण्याजोगी होतात, बाकीचे नुसते दिसते. लॅटिन मजकुरातला जुन्या वळणाचा लांब 'स' हे सॉफ्टवेअर अनेकदा 'फ' वाचते; ते एक वेळ दुरुस्त करता येईल. पण चित्रपृष्ठावर कोरलेली मल्याळम, अरबी आणि नागरी नावे त्याच्या लेखी अक्षरेच नाहीत, त्या चित्रातल्या रेघा आहेत. तीन वैद्यांचे अख्खे पत्रही तसेच. परिणामी शोधपेटीत रीडेचे नाव टाका, तो शेकडो पानांवर सापडेल. त्याचे माहीतगार ज्या लिपीत बोलले त्या लिपीतला एकही शब्द सापडणार नाही. शास्त्रीय नावे आपोआप हुडकणारी साधनेही या ग्रंथासमोर अडखळतात. ती लिनेअसच्या पद्धतीची दोन शब्दांची नावे शोधतात, आणि हा ग्रंथ लिनेअसच्या पाऊणशे वर्षे आधीचा. ज्या चित्रांवर माडाचे नाव उभे आहे, त्यांच्यापर्यंत त्या नावाने थेट पोचण्याची वाट कुणा माणसाने मुद्दाम बांधावी लागते. लिनेअसने ती बांधली होती. त्याच्या ग्रंथात माडाच्या नोंदीखाली रीडेचा खंड, पान आणि चित्रांचे क्रमांक एका ओळीत दिले आहेत.

सुट्या चित्रांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र हलका नाही. २०१४ मध्ये केलेव लीतारू या अमेरिकी संशोधकाने इंटरनेट अर्काइव्हच्या पुस्तकांतून चित्रे वेगळी काढण्याचा मोठा प्रकल्प केला. अक्षरे ओळखताना सॉफ्टवेअर पानाचा जो भाग टाकून देते, नेमका तोच उचलायचा, अशी त्याची युक्ती होती. पहिल्या टप्प्यात २६ लाख चित्रे फ्लिकरवर आली. जी पुस्तके कुणी उघडली नसती त्यांतली चित्रे शिक्षकांनी, चित्रकारांनी, पुस्तके करणाऱ्यांनी वापरली. अख्खा ग्रंथ वाचणारा हजारात एक. चित्र पाहणारे हजार, मग त्या एकासाठी हजारांची सोय का अडवायची? अडवू नयेच. पण याच प्रकल्पाची दुसरी बाजू विसरली जाते. लीतारूने प्रत्येक चित्राबरोबर पुस्तकाचा पत्ता आणि चित्राच्या मागचापुढचा मजकूरही दिला होता, आणि शोध चालत होता तो त्या मजकुरावरच. लाखो चित्रांसाठी यंत्राने हे करता येते, तर सांधा राखण्याचा खर्च परवडत नाही ही सबब उरत नाही. नुकसान होते ते पुढच्या उचलीत: कुणी ते चित्र कातरून नावे छाटतो, कागदाला जुनाट रंग देतो आणि भिंतीवर लावायला विकतो. रंगाच्या बाबतीत तर आणखी फसगत होते. होर्टुसची चित्रे छापली गेली काळ्या शाईत. काही प्रतींत मालकांनी ती नंतर हाताने रंगवून घेतली. अशा प्रतीतले हिरवेपिवळे चित्र सुटे फिरू लागले की तो रंग मलबारच्या निरीक्षणातून आला असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो युरोपातल्या कुणा रंगाऱ्याचा अंदाज असतो, ज्याने ते झाड बहुधा पाहिलेच नव्हते. स्कॅन होते ती नेहमी एक प्रत. कोणाची, केव्हा रंगवलेली, हे प्रतीबरोबर गेले नाही तर प्रतीचे वैशिष्ट्य ग्रंथाच्या माथी बसते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे औषधी उपचार आज कोण करणार? मजकूर कालबाह्य झाला, चित्र तेवढे टिकले, मग मजकुराचे ओझे कशाला? उपचारांसाठी हा ग्रंथ वाचू नये हे खरेच. पण नेमके झाड कोणते, हा प्रश्न आजही चित्र आणि वर्णन एकत्र वाचूनच सुटतो. रीडेने वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह मागे राहिलेला नाही. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम जुन्या नावांसाठी चित्राला नमुना म्हणून मान्यता देतात, ती अशाच परिस्थितीसाठी. फक्त माडच नव्हे, भेर्ली माडाचे लिनेअसने दिलेले नावही या ग्रंथातल्या चित्रावर टेकलेले आहे. चित्रात फूल आणि फळ सोयीसाठी एकाच फांदीवर दाखवले आहे की झाडाला खरोखर दोन्ही एकदम येतात, हे चित्र सांगू शकत नाही. ते वर्णनात पाहावे लागते. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे या ग्रंथाला दिली: त्यातली झाडे मलबारात फिरून पुन्हा शोधली, ओळख पक्की केली, सगळे खंड इंग्रजीत आणले. केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये आणि पुढे मल्याळममध्येही प्रसिद्ध केले. मजकूर निरुपयोगी असता तर एवढ्या जाणत्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचले नसते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने तिच्या फायद्यासाठी इथल्या वैद्यांचे ज्ञान गोळा केले. अशा ग्रंथाचे एवढे कौतुक कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. मुखपृष्ठावर नाव रीडेचे आहे, आणि लिनेअसच्या नोंदीत ना अच्युतन आहेत ना रंगभट. पण याच कारणाने मला सुट्या चित्रांचा धोका अधिक वाटतो. वैद्यांचा सहभाग ज्या दोन जागी नोंदलेला आहे, त्या म्हणजे आरंभीची ग्वाहीपत्रे आणि चित्रांच्या कडेची नावे. चित्र कातरताना या दोन्ही जागा सर्वांत आधी जातात. खाली लॅटिन नाव, रीडे आणि १६७८ एवढेच उरते. ज्ञान कुणाचे या प्रश्नावर कितीही परिसंवाद झाले, तरी रोज हजारो लोक पाहतात त्या चित्राखाली उत्तर चुकीचे छापलेले राहील. उलट नावे शाबूत असलेले एक पान उघडले तर कोणत्या भाषांच्या माणसांनी ते घडवले, हे चित्रातच वाचता येते.

यावर उपाय आहे, आणि तो या ग्रंथापुरता तरी आवाक्यातला आहे. चित्रपृष्ठे आठशेच्या घरातच आहेत. प्रत्येकावरची नागरी नावे युनिकोडमध्ये उतरवायची, समोर लॅटिन वर्णनाचा पान-क्रमांक, मणिलाल यांनी ठरवलेली आजची ओळख आणि प्रतीचा पत्ता जोडायचा, आणि चित्र उतरवून घेणाऱ्याला ही चौकट चित्राबरोबरच मिळेल अशी व्यवस्था करायची. मल्याळम आणि अरबीसाठी त्या त्या भाषांचे जाणकार लागतील. नागरीचे काम मात्र गोव्याकोकणातल्या आणि केरळातल्या कोकणी वाचकांचे, मराठी वनस्पतिअभ्यासकांचे आणि सतराव्या शतकातले अक्षरवळण वाचू शकणाऱ्यांचे आहे. ते यंत्रावर सोपवून भागणार नाही. पत्र्यावर अक्षरे कोरणाऱ्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या कारागिराला नागरी येत असण्याचा संभव जवळजवळ नव्हता. तो आकार पाहून रेघा उमटवत होता. काना कुठे सुटला, अनुस्वार कुठे सरकला, जोडाक्षर कुठे विस्कटले, हे त्या झाडाचे कोकणी नाव ज्याच्या तोंडी आहे त्यालाच ओळखता येईल. पहिल्या खंडातल्या तीन वैद्यांच्या पत्रापासून सुरुवात केली तर सबंध ग्रंथातली नागरी वाचण्याची किल्ली हाती येते, कारण एवढा सलग नागरी मजकूर तिथेच आहे आणि पडताळ्याला त्याचे लॅटिन भाषांतरही ग्रंथात आहे.