गाणं गाजलं, मालकी कुणाची?

प्रल्हाद शिंदे यांचं नाव माहीत नसलेला मराठी माणूस एखादे वेळी भेटेल, पण त्यांचा आवाज कानावर न पडलेला भेटणं कठीण. आषाढी असो, सत्यनारायण असो की आंबेडकर जयंती, मांडवातल्या कर्ण्यावर त्यांचं एखादं गाणं लागतंच. मूळचे मंगळवेढ्याचे शिंदे कल्याणला स्थायिक झाले आणि २३ जून २००४ रोजी कल्याणातच त्यांचं निधन झालं. बरोबर दहा महिन्यांनी, एप्रिल २००५ मध्ये, यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या जमान्यात गाजले. नातू आदर्श शिंदे यांची गाणी लोक मोबाइलवर ऐकतात. गाण्याच्या धंद्याचे तीन जमाने या एका घराने पाहिले.

कॅसेटच्या काळात गायकाचं गणित सरळ होतं. कंपनीने बोलावायचं, गाणं रेकॉर्ड करायचं, ठरलेलं मानधन हातावर ठेवायचं. पुढे कॅसेट शेकड्याने विकली जावो की लाखाने, गायकाला बहुतेक वेळा त्यातला पैसा मिळत नसे. त्याला फायदा व्हायचा तो सुपारीत. कॅसेट गाजली की जत्रा, जयंत्या, गणेशोत्सव यांची आमंत्रणं वाढायची आणि बिदागीही चढायची. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात एसटी स्टँडपासून पानटपरीपर्यंत धुमाकूळ घातला, तो याच व्यवस्थेत.

आज कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात फिरलं तर या गणिताचा अर्धा भाग तसाच दिसतो. आगरी-कोळी समाजात हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते. तिथे स्टेज, बँजो पार्टी आणि गायक हवाच. भिवंडीचे संतोष चौधरी म्हणजे ‘दादूस’ यांनी असे कार्यक्रम गाजवूनच नाव कमावलं. २०२१ मध्ये ते मराठी बिग बॉसच्या घरात पोचले. या गायकांचे व्हिडिओ यूट्यूबवर उघडून खालचा मजकूर वाचावा. गीतकार, संगीतकार, कॅमेरा अशी नावं झाली की ‘कार्यक्रमासाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर असतोच. व्हिडिओ इथे हँडबिलाचं काम करतो, खरी कमाई स्टेजवर होते.

बदललं ते मालकीचं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन ते करवलं तो. हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी स्टुडिओ, फिती, छपाई, वितरण या सगळ्याचा खर्च गायकाच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून निर्माती कंपनीच असायची. आता लॅपटॉप, एक बरा माइक आणि रजयांनी आवाज अडवलेली खोली एवढ्यावर गाणं तयार होतं. खर्च स्वतः केला तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणही स्वतःचं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कायम केला. करारात त्यावर पाणी सोडलं असं लिहून घेतलं, तरी ते कायद्यापुढे टिकत नाही.

गाणं स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक यांसारख्या ठिकाणी जातं ते डिस्ट्रिब्युटरमार्फत. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यातली काही नावं. कुणी वर्षाची फी घेतो, कुणी कमाईतला हिस्सा. ऑनलाइन फॉर्ममध्ये गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं अचूक भरायची. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरी क्रमांक मिळतो आणि पुढचा हिशेब त्याच क्रमांकावर चालतो. हेच गाणं इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहातही पोचतं. ही पायरी गाळली तर गंमत होते. कुणीतरी गाणं उचलून रील टाकतो, ते चालतं आणि हजारो लोक वापरत असलेला तो तुकडा ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून त्या रीलवाल्याच्या नावावर दिसतो.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातींचा हिस्सा मिळायचा तर एक हजार सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी चार हजार तास पाहिलेलं हवं. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात आणि खात्यात शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत येतात. स्पॉटिफायवर एका वेळेच्या ऐकण्याचा ठरलेला दर नाही. जमलेल्या रकमेतून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटा पडतो. २०२४ पासून तर बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा पैसाच मिळत नाही. जे हाती येतं त्यात गीतकार, संयोजक, कॅमेरावाला यांचे वाटे असतात. तेव्हा गाण्याला लाखभर व्ह्यूज मिळाले म्हणून नोकरीचा राजीनामा लिहायला बसू नये.

दुसऱ्याची बीट, म्हणजे गाण्याखालचं तयार संगीत, हा आणखी एक खड्डा. इंटरनेटवर भाड्याने मिळणारी एकच बीट अनेकांना विकलेली असू शकते. जुन्या कोळीगीताचं परवानगी न घेता केलेलं नवं रूपही असंच अडचणीत आणतं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण ओळखते आणि जाहिरातीचा पैसा मूळ मालकाकडे वळू शकतो. व्ह्यूज आपल्या चॅनलवर, कमाई दुसऱ्याच्या खात्यात.

तरीही एखादं गाणं सगळे आडाखे मोडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ‘गुलाबी साडी’ जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने लिहिलं, गायलं. संगीताची बाजू जी-स्पार्कने सांभाळली. त्यावर रील करणाऱ्यांमध्ये मराठी न समजणारेही पुष्कळ होते. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची गोष्ट वेगळ्या वाटेची. हातात एकतारी, ओठांवर भीमगीत, असे त्यांचे व्हिडिओ मोबाइलवरून हातोहात पसरले आणि त्यांना महाराष्ट्रभरचे मंच मिळाले. एकीकडे घोटून केलेली निर्मिती, दुसरीकडे नुसता आवाज. दोन्हींत श्रोत्यांनी गाणं स्वतः पुढे पाठवलं.

हे श्रोते टिकतात मात्र दुसऱ्याच्या जागेत. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे लाखो चाहते जमवलेल्यांचं खातं एका रात्रीत निरुपयोगी झालं. जानेवारी २०२४ अखेर रेसो हे गाण्यांचं अॅप भारतात बंद पडलं. म्हणून जाणते कलाकार एकाच अॅपवर विसंबत नाहीत. कार्यक्रमाला आलेल्यांची, बुकिंग करणाऱ्या मंडळांची, बँजो पार्टीवाल्यांची व्हॉट्सअॅप यादी ते स्वतःकडे सांभाळतात.

ज्यांच्या गाण्यावर हळदीत कुणी नाचणार नाही, त्यांच्यासाठी शिकवणी हा मार्ग आहे. डोंबिवलीच्या घरात सकाळी साडेसहाला तानपुरा अॅप लावून लॅपटॉपसमोर बसलं, तर उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे नऊ झालेले असतात. तिथल्या मराठी घरातलं मूल जेवून शिकायला बसू शकतं. अशा वेळी यूट्यूबवरचं दहा मिनिटांचं यमनाचं रेकॉर्डिंग जाहिरातीतून फारसं कमावत नाही, पण पालकांना गुरू निवडायला उपयोगी पडतं. पाच-सहा नियमित शिष्यांची फी व्ह्यूजपेक्षा भरवशाची.

स्वतंत्र कलाकाराची काही कामं मात्र गाण्याआधीची असतात. गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घेऊन गाण्यांची नोंद करायची. कुणाचा वाटा किती टक्के हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर उतरवून सह्या घ्यायच्या. मग वर्षाचं वेळापत्रक. विठ्ठलाचं गाणं आषाढीच्या तीन-चार आठवडे आधी यायला हवं, गणपतीचं श्रावणात. हळदीचं गाणं तुळशीच्या लग्नाआधी लोकांच्या कानावर पडलं, तर लग्नसराईच्या सुपाऱ्या ठरताना त्याचा उपयोग होतो. त्यासाठी स्टुडिओची तारीख भर पावसाळ्यात, लग्नं थांबलेली असतानाच घ्यावी लागते.