जुन्या गाडीचं सनरूफ फुटलं तर : घरी काच बदलण्याची रीत

नव्या गाडीचं सनरूफ फुटलं की थेट शोरूमला फोन जातो. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचं फुटलं की आधी हिशोब सुरू होतो. गाडीला आज बाजारात मिळेल ती किंमत आणि अख्ख्या सनरूफ असेंब्लीचा भाव शेजारी शेजारी मांडला, की पुष्कळ जण वरून प्लॅस्टिक चिकटवून दिवस काढतात. विदर्भात असे दिवस फार निघत नाहीत. फेब्रुवारी-मार्चात गारपिटीची भीती, मेअखेर नवतपा आणि जूनच्या मध्याला पाऊस. म्हणून नागपूरजवळच्या कामठीच्या गाडीमालकाने हे काम मृग लागण्याआधीच उरकावं. साधं, एका काचेचं सनरूफ असेल आणि फक्त काचच गेली असेल, तर दोन माणसं आणि एक मोकळी सकाळ एवढ्यात ते घरी होतं.

काच फुटल्याबरोबर काय करावं

सनरूफची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. ती फुटली की तिचे शेकडो बारीक, बोथट तुकडे होतात. कडेचा टवका उडाला असेल, तर अशी काच पुढे कधीतरी उन्हातही अचानक फुटू शकते.

सनरूफचं बटण दाबून पाहायचा मोह आवरा. रुळांत पडलेले तुकडे केबलमध्ये अडकले की काचेच्या खर्चात मोटर-केबलचाही खर्च येतो. आतला पडदाही सरकवू नका, नाहीतर त्यावरचे तुकडे छताच्या अस्तरात शिरतात. सीटवर जुनी चादर पसरा, जाड हातमोजे आणि चष्मा घाला, मोठे तुकडे हाताने उचला आणि उरलेला चुरा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या.

नवी काच येईपर्यंत जाड पॉलिथिन लावा, पण रंगावर खाकी पॅकिंग टेप नको. मेच्या उन्हात तिचा गोंद पत्र्यावर वितळून बसतो. मास्किंग टेप वापरा, तीही दोन-तीन दिवसांनी बदला. हायवेवरच्या वेगात प्लॅस्टिक उडून जातं, त्यामुळे गाडी गावातल्या गावातच फिरवा.

नेमकं काय बिघडलंय?

२०१४ ची होंडा सिटी किंवा २०१५ ची महिंद्रा एक्सयूव्ही ५०० अशा गाड्यांत सनरूफची रचना सरळ असते. रुळांवर सरकणारी एक काच, तिला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दोन पोलादी केबली, एक मोटर, काचेभोवती रबर आणि चौकटीभोवती पाण्याची पन्हळ. पार्ट मागवण्याआधी एवढं तपासा :

- काच फुटली, पण रूळ-चौकट सरळ आहे : फक्त काचेचं पॅनल लागेल.
- रुळांतला चुरा काढल्यावर मोटरचा आवाज येतो, पण काही हलत नाही : केबल गेली असावी.
- आवाजच नाही : आधी फ्यूज पाहा, मग बटण, शेवटी मोटर.
- एक बाजू पुढे, दुसरी मागे : रुळातला प्लॅस्टिकचा सरक तुटलाय किंवा केबलचा मेळ चुकलाय.

पहिला प्रकार असेल तर पुढचं वाचून काम घरी करा. बाकीच्यांत छताचं अस्तर उतरवावं लागू शकतं, आणि पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्या एअरबॅगा अस्तराच्या कडेलाच बसवलेल्या असतात. ते काम गॅरेजचं. पॅनोरमिक सनरूफलाही घरी हात लावू नये.

काच कुठून आणावी?

मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात सनरूफ बदललेलं असू शकतं. पार्टवाल्याला चेसिस नंबर द्या आणि जुन्या पॅनलच्या कडेवरचा पार्ट नंबर जुळवा. नवं पॅनल परवडत नसेल तर मोडीत निघालेल्या गाडीचं घ्यावं. नागपूरला शोधावं, नाही मिळालं तर मुंबईत कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार आहेच. जुनं पॅनल घेताना तीन गोष्टी पाहा : काचेची कड शाबूत आहे का, रबर दाबल्यावर परत फुगतं का आणि स्क्रू बसतात त्या पट्ट्या वाकलेल्या नाहीत ना.

काच लोखंडी चौकटीला चिकटवलेलीच असते. त्यामुळे चौकटीसकट पॅनल घ्या. सुटी काच घरी चिकटवण्याच्या फंदात पडू नका.

बसवण्याची रीत

गाडी सावलीत, सपाट जागी उभी करा. तापलेल्या टपावर काम करायचं नाही, सकाळी लवकर सुरुवात करावी.

१. आतून काचेच्या दोन्ही कडांची प्लॅस्टिक पट्टी हलक्या हाताने खाली ओढून काढा. मागे स्क्रू दिसतात, बहुधा दोन्ही बाजूंना दोन किंवा तीन. त्यांना चांदणीच्या तोंडाचा टॉर्क्स पाना लागतो. साधा पेचकस घातला की डोकं झिजतं.

२. स्क्रू काढताना एकाने वरून चौकट धरावी. मग दोघांनी मिळून ती सरळ वर उचलावी.

३. रूळ कोरड्या कापडाने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. एकही तुकडा राहता कामा नये. नंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने धूळ धरते आणि रबर खराब होतं. रबरासाठी सिलिकॉनचं वंगण घ्या.

४. नवं पॅनल वरून बसवा आणि सगळे स्क्रू आधी सैलच ठेवा.

५. आता उंची जुळवा. काचेची पुढची कड टपाच्या बरोबरीने किंवा जेमतेम १ मिमी खाली, मागची कड बरोबरीने किंवा जेमतेम १ मिमी वर. पुढची कड वर राहिली तर वारा तिच्यावर आपटून शिट्टी वाजते. टपावरून काचेवर तळहात फिरवला की उंचवटा लगेच कळतो.

६. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने कसा. जोर लावू नका, स्क्रू लहान असतात आणि आटे सहज जातात.

७. कागदाची पट्टी काच आणि टप यांच्यामध्ये अडकवून ओढून पाहा. चारी बाजूंनी ती सारख्याच जोराने निघाली पाहिजे.

८. पुष्कळ गाड्यांत मोटरला काचेच्या दोन्ही टोकांची जागा नव्याने ‘शिकवावी’ लागते. बंद स्थितीत बटण काही सेकंद दाबून धरायची रीत असते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. ती न केल्यास काच अर्ध्यावर थांबते किंवा बंद होता होता परत उघडते.

खरी परीक्षा पाण्याची

सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तसं ते बनवलेलंच नसतं. थोडं पाणी आत येतं, चौकटीच्या पन्हळीत उतरतं आणि चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून खाली जातं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून, मागच्या नळ्या मागच्या खांबांतून. कौलारू घराची पन्हाळ पाल्याने तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, तसंच इथे नळी तुंबली की पाणी छताच्या अस्तरात आणि पायाखालच्या मॅटमध्ये जातं. नवी काच बसवूनही ‘गळतंय’ अशी तक्रार राहते, तिचं कारण बहुधा हेच.

काच उघडी ठेवून पन्हळीच्या एका पुढच्या कोपऱ्यात मगभर पाणी हळूहळू ओता. थोड्याच वेळात ते पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकाच्या मागे ठिबकायला हवं. तसंच चारी कोपऱ्यांत करा. पाणी तुंबलं तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी नळीत अलगद फिरवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आत जोडावरून नळी सुटली तर मग अस्तर उतरवल्याशिवाय ती दिसतही नाही.

कामठीत नळ्या तुंबायला वेळ लागत नाही. एकीकडे कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं, जवळच कोळशाच्या खाणी, उन्हाळाभर उडणारी बारीक धूळ. त्यात गाडी कडुलिंबाखाली लावली की पानं आणि मोहोर पन्हळीत साचतो. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो आणि तो नळीच्या तोंडाशी बसतो.

विमा आणि कायदा

सर्वसमावेशक विम्यात गारपिटीचं नुकसान मिळतं, नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही. दाव्यात काचेवर घसारा कापला जात नाही, रबर आणि प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये स्वतःला भरावे लागतात. दावा केला की नो क्लेम बोनसही जातो. तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, म्हणून जुनं पॅनल स्वस्तात मिळत असेल तर दावा न केलेला बरा. विम्यातून करायचं असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काहीही काढू नका, फोटो घेऊन ठेवा.

फुटलेल्या काचेच्या जागी तशीच काच बसवायला परवानगी लागत नाही. सनरूफ नसलेल्या गाडीचा टप कापून ते बसवणं मात्र वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच सांगितलं. टप कापल्याने गाडीची मजबुती कमी होते ती वेगळीच.

पुढची देखभाल

वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीत, पन्हळ पुसा, चारी नळ्यांत पाणी ओतून पाहा आणि रबराला सिलिकॉन लावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुढच्या मॅटखाली हात घालून ओल तपासा. सनरूफ ठेवायचं तर एवढं करावंच लागतं. ते जमणार नसेल तर पुढची गाडी सरळ पत्र्याच्या टपाची घ्यावी. नागपूरच्या उन्हात त्यात तोटा काहीच नाही.